एकाच जागचं पाणी वर्षानुवर्षं कशाला मोजायचं?

प्रश्न विचारणारी मुलगी बडोद्याची, दांडिया बाजारातली. म. स. विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, हवाईला आणि बर्म्युडाला १९८८ पासून जवळजवळ दर महिन्याला त्याच ठिकाणी जाऊन समुद्राचं पाणी मोजतात. उपग्रह आहेत, तरंगते फ्लोट आहेत, मग जहाज कशाला? तेच तेच मोजून कार्बनचं नवीन काय कळतं? शिवाय बडोद्याला समुद्र नाही. घरचे म्हणतात एखाद्या औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला, लाग. मी या वाटेला जाऊ का?"

माझी नोकरीतली सगळी वर्षं समुद्राच्या पाण्यातला कार्बन मोजण्यात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. सवडीने वाच.

आधी आकड्यांचा आवाका बघ. हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर 'अलोहा' नावाचं ठिकाण आहे. तिथे बेट नाही, खडक नाही, नुसतं अक्षांश-रेखांशांनी ठरवलेलं पाणी, खाली पावणेपाच किलोमीटर खोली. तिथल्या वरच्या थरातल्या एक किलो पाण्यात विरघळलेला अजैविक कार्बन साधारण २,००० मायक्रोमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) असतो. आपण जाळलेल्या कोळसा-तेलामुळे त्यात वर्षाला भर पडते ती जेमतेम एका मायक्रोमोलची. दोन हजारांत एक. आणि त्याच पाण्यात एका वर्षाच्या आत, नुसत्या ऋतू पालटण्याने, दहा-पंधरा मायक्रोमोलचा चढउतार होत असतो. तुला जो बदल शोधायचा आहे त्याच्या दहापट हालचाल त्या पाण्यात एरवीच चालू आहे. एक-दोन सफरी करून आलीस तर तुझ्या हाती ऋतू लागेल. हवामानबदल हाती लागायला दहा-पंधरा वर्षं तरी तिथेच जात राहावं लागतं.

ऑगस्टात आपण बडोदेकर सकाळी उठून आजवा तलावाची पातळी आणि काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री किती फुटांवर आहे ते बघतो. आजवा २१२ फूट म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही, कारण पट्टी तीच, तिचं शून्य तेच, आणि मागचे पावसाळे लोकांना पाठ आहेत. बाहेरगावच्या माणसाला त्याच २१२ मधून काहीही कळणार नाही. समुद्रातल्या आकड्याचंही तसंच आहे, फक्त तिथे मागचं पाठ असलेलं कुणी नसतं. ते वहीत लिहून ठेवावं लागतं, आणि शून्य हललं नाही याची खात्री दर वेळी नव्याने करावी लागते.

आता हा एवढा खटाटोप का, ते सांगतो. समुद्रात साधारण ३८,००० अब्ज टन कार्बन आहे, वातावरणात आहे त्याच्या चाळीसपटीहून जास्त. माणूस वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र उचलतो, आणि वातावरणात अडकलेल्या जादा उष्णतेपैकी जवळजवळ ९० टक्के उष्णताही त्याच्याच पोटात जाते. १९९४ ते २००७ या काळात समुद्राने माणसाने सोडलेला सुमारे ३४ अब्ज टन कार्बन घेतला, म्हणजे वर्षाला सरासरी २.६ अब्ज टन. हा आकडा निघाला तो त्याच त्याच रेषांवरून जहाजांनी पुन्हा पुन्हा जाऊन, वरपासून तळापर्यंतचं पाणी मोजल्यामुळे. उद्याच्या हवामानाचा कोणताही अंदाज घे, त्यात एक गृहीतक असतं: समुद्र आपला हिस्सा असाच उचलत राहील. ते गृहीतक तपासायचा मार्ग म्हणजे मोजत राहणं.

तू रसायनशास्त्राची आहेस, म्हणून पुढचं तुला लगेच पटेल. कार्बन डायऑक्साइड पाण्यात नुसता विरघळून बसत नाही. त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, पुढे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट. समुद्रातल्या अजैविक कार्बनपैकी सुमारे ९० टक्के बायकार्बोनेट असतं, उरलेलं बहुतेक कार्बोनेट, आणि मोकळा वायू एक टक्क्याच्याही आत. नवा वायू आला की तो कार्बोनेटशी जुळतो आणि दोघांचं बायकार्बोनेट होतं. म्हणजे ज्या कार्बोनेटच्या जोरावर समुद्र वायू पोटात घेतो तेच दर वर्षी थोडं थोडं खर्ची पडतं. जितकं कमी उरेल तितकं पुढचं घेणं जड जाईल. पीएच घसरतो तो याच व्यवहारात. अलोहाला १९८८ ते २००७ या काळात तो वर्षाला साधारण ०.००१९ ने उतरला. औद्योगिक क्रांतीपासून धरलं तर जगभरच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच ८.२ वरून ८.१ वर आला. लॉगची पट्टी असल्यामुळे ०.१ किरकोळ वाटतो, पण हायड्रोजन आयनांत ती जवळपास ३० टक्के वाढ आहे. आणि वर्षाला ०.००१९ म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतल्या पीएच मीटरच्या काचेच्या इलेक्ट्रोडला दिसणारही नाही इतकं थोडं. त्यासाठी मेटा-क्रेसॉल पर्पल हे पीएचप्रमाणे रंग बदलणारं द्रव्य घालून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रंग मोजावा लागतो. तिथे तिसऱ्या दशांशापर्यंत भरवसा ठेवता येतो.

तुझा खरा प्रश्न जहाजाचा आहे, तेव्हा जहाजावर नेमकं काय चालतं ते बघू. तापमान, खारेपणा आणि खोली मोजणारं यंत्र मधोमध, भोवती गोलाकार उभ्या लांबट बाटल्या, असा एक सांगाडा दोरखंडावरून खाली सोडतात. बाटल्या दोन्ही तोंडांनी उघड्या असतात. ठरलेल्या खोलीवर वरून इशारा दिला की एकेक बाटली बंद होते. सांगाडा डेकवर आला की धावपळ सुरू होते. कुणी आधी पाणी घ्यायचं याचा क्रम ठरलेला असतो. वायूंचे नमुने आधी, कारण बाटली उघडली की हवा आत शिरते. आधी ऑक्सिजन, मग कार्बन, मग पोषकद्रव्यं, आणि खारेपणाचा नमुना शेवटी.

कार्बनचा नमुना घेताना नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची. पाणी खालून वर हळू भरू द्यायचं. नळीत एकही बुडबुडा नको. बाटली भरून वाहू लागली तरी लगेच थांबायचं नाही, आणखी निदान अर्धी बाटली पाणी वाहून जाऊ द्यायचं, म्हणजे हवा लागलेलं पहिलं पाणी निघून जातं. मग पिपेटने थोडं वरचं पाणी काढायचं, नाहीतर बाटली गरम झाली की बूच उडतं. मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे, कारण पाण्यात जिवंत सूक्ष्मजीव आहेत आणि ते बाटलीत श्वास घेत राहिले तर कार्बन वाढत जाईल. हा पारा विषारी, त्याचे हातमोजे वेगळे आणि कचराही वेगळा. शेवटी ग्रीस लावलेलं काचेचं बूच घट्ट फिरवून बसवायचं. रात्री तीन वाजता, डेक हलत असताना, हात गारठलेले असतानाही हे असंच करायचं, दिवसा केलं होतं तसंच. माझ्या मते या कामातली निम्मी गुणवत्ता इथे ठरते. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही महागाचं असो, बाटलीत शिरलेला बुडबुडा त्याला बाहेर काढता येत नाही.

ऑक्सिजन आजही विंकलरच्याच पद्धतीने मोजतात, १८८८ ची ती पद्धत तू पहिल्या वर्षाला केली असशील. मँगनीजचं क्षार, मग अल्कधर्मी आयोडाइड, की तपकिरी साका बसतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नसलेला एक जाड थर आहे. त्या थरातल्या पाण्यात तीच रसायनं घातली की साका पांढराच राहतो. एका रांगेत ठेवलेल्या बाटल्या बघ: वरच्या पाण्याच्या गडद तपकिरी, मधल्या पांढऱ्या, खोलवरच्या पुन्हा तपकिरी. आलेख काढण्याआधीच समुद्राची उभी रचना टेबलावर मांडलेली असते. मला या कामाची गोडी लागली त्यात या बाटल्यांचा मोठा वाटा आहे.

आता त्या न हलणाऱ्या शून्याबद्दल. दोन हजारांत एकचा फरक ओळखायचा तर १९९१ च्या यंत्राचा आकडा आणि आजच्या यंत्राचा आकडा एकमेकांशी बोलले पाहिजेत. यासाठी सॅन दिएगोच्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने निर्जंतुक केलेलं समुद्राचंच पाणी बाटल्यांत भरून, त्यातला कार्बन आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) काटेकोर मोजून, जगभर पाठवायला सुरुवात केली. हवाई असो, बर्म्युडा असो की गोवा, नमुने लावण्याआधी आणि मध्ये मध्ये ही प्रमाणित बाटली लावायची. लेबलवरचा आकडा आला नाही तर त्या दिवसाचं काम थांबवायचं. १९९० च्या आसपास ही सोय झाली नसती तर नंतरच्या सगळ्या मालिका ज्याच्या त्याच्या यंत्रापुरत्या खऱ्या राहिल्या असत्या. लोकांना जहाजं आणि वादळं आठवतात. या क्षेत्रातलं सगळ्यात उपयोगी काम कोणतं असं मला कुणी विचारलं तर मी त्या बाटलीकडे बोट दाखवीन.

पद्धत बदलताना काय करावं याचा उत्तम दाखला आपल्याकडचाच आहे, समुद्राचा नसला तरी. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने चुंबकसुया बिघडणार होत्या. संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली, पण कुलाब्याची लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. त्या दोन वर्षांमुळे जुने आणि नवे आकडे एकमेकांना जोडता आले आणि ती मालिका आज जगातल्या जुन्या अखंड मालिकांमध्ये गणली जाते. जिथे असं झालं नाही तिथे पुढच्यांना निस्तरावं लागलं. समुद्राच्या पाण्याचं तापमान एकेकाळी बादलीने पाणी वर घेऊन मोजत, नंतर इंजिनाच्या नळातून येणाऱ्या पाण्यात मोजू लागले. बादलीतलं पाणी वर येईतो थोडं निवतं. दुसरं महायुद्ध संपता संपता कोणत्या देशाची जहाजं कसं मोजत होती याचं मिश्रण बदललं, बादलीवाली पुन्हा वाढली, आणि १९४५ मध्ये जगाचे समुद्र एकाएकी थंड झाल्यासारखं जुन्या आकड्यांत दिसू लागलं. ती घसरण पाण्यातली नव्हती, मोजण्याच्या पद्धतीतली होती, हे कळायला साठहून जास्त वर्षं गेली.

खंड पडला तर तो भरून काढता येत नाही. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा दशलक्षात ३१३ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. त्या प्रसिद्ध आलेखात १९६४ च्या वसंतात एक फट आहे. पैसे कापले गेले आणि काही आठवडे मोजमाप बंद पडलं. साठ वर्षं झाली, फट तशीच आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळची कारिआको मालिका १९९५ ला सुरू झाली आणि २०१७ च्या जानेवारीत बंद पडली. मला त्याची हळहळ आजही वाटते. बावीस वर्षांनंतर मालिका बंद करणं म्हणजे झाड फळाला आल्यावर तोडणं.

तू विचारलंस तेच तेच मोजून नवीन काय कळतं. अलोहाचीच एक गोष्ट सांगतो. १९८९ ते २००१ या काळात तिथल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइडचा दाब हवेपेक्षा वेगाने वाढत होता. समुद्र वायू घेतो तो हवा आणि पाणी यांच्या दाबातल्या फरकामुळे, आणि तो फरक घटत चालला होता. म्हणजे तिथला समुद्र वायू घेणं कमी करत होता. कारण शोधलं तेव्हा खारेपणा सापडला. त्या वर्षांत पाऊस आणि बाष्पीभवन यांचं गणित बदललं होतं, पाणी आटून जरा दाट झालं होतं, आणि त्याबरोबर त्यातला कार्बनही दाट झाला होता. पुढे १९८८ ते २००७ ची लांब मालिका हाती आली तेव्हा पाण्यातल्या वाढीचा वेग हवेतल्या वेगाशी जवळपास जुळला. पहिल्या बारा वर्षांवर थांबले असते तर तिथला समुद्र थकला असं सांगून मोकळे झाले असते. आणि कार्बनबरोबर खारेपणाही तितक्याच निगुतीने मोजला नसता तर कारणही कळलं नसतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, आज बिनकामाचा वाटणारा रकाना गाळू नका.

दुसरी गोष्ट खोल समुद्रातली. वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती कार्बन खातात, मरतात, खाल्ल्या जातात, आणि त्यांचे अवशेष, विष्ठा, चिकट गोळे हळूहळू खाली पडतात. बहुतेक वाटेतच खाल्लं जाऊन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतं. तळापर्यंत पोचतो तो अगदी थोडा भाग, पण तो कार्बन शेकडो वर्षं हवेत परत येत नाही. हे पडणारं मोजायला मोठी नरसाळी दोरावर नांगरून ठेवतात. खाली फिरत्या चकतीवर बाटल्या असतात, ठरावीक दिवसांनी पुढची बाटली नरसाळ्याखाली येते. बर्म्युडाजवळ १९७८ पासून अशी नरसाळी पाण्यात आहेत. अलोहाला तेरा वर्षांचे नमुने एकत्र ठेवले तेव्हा दिसलं की दर वर्षी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ४,००० मीटर खोलीवर कार्बनचा एक लोट येतो. वरून त्या भागाला समुद्रातलं वाळवंट म्हणतात. हवेतला नायट्रोजन वापरणारे सूक्ष्मजीव पोटात बाळगणारे डायटम (काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म वनस्पती) उन्हाळ्यात तिथे वाढतात आणि झपाट्याने तळाशी जातात, असा त्याचा उलगडा आहे. एका वर्षी हा लोट दिसला असता तर अपवाद म्हणून सोडून दिला असता.

आपल्या अरबी समुद्रातही हे काम झालं आहे. १९८६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतलं हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी पश्चिम, मध्य आणि पूर्व अरबी समुद्रात नरसाळी सोडली. खोल पाण्यात पडणारा कार्बन मोसमी वाऱ्यांच्या तालावर कमी-जास्त होतो हे त्यातून पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. जूनमध्ये कोकणात पाऊस धरतो तेव्हाच ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यावर वारा वरचं पाणी लोटून देतो, खालचं थंड, पोषक, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत समुद्राच्या तळावर त्याचा माल पडू लागतो. हिवाळ्यात उलट बाजूने, उत्तरेकडचा थंड कोरडा वारा सौराष्ट्राबाहेरचं पाणी गार करतो, ते जड होऊन खाली बसतं, खालचं वर येतं, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत पुन्हा वनस्पती फुलतात. वर येणाऱ्या या पाण्यामुळे अरबी समुद्र एकूण वर्षाचा हिशेब करता हवेला कार्बन डायऑक्साइड देतो. जगाचा समुद्र घेतो, आपला देतो. मोसमी वारे बदलले तर हा हिशेब कसा बदलेल, हे हवाईच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. ते इथेच मोजावं लागेल.

आता उपग्रह आणि फ्लोट. दोन्ही हवेतच, त्यांच्याशी माझं भांडण नाही. ओशनसॅट-१ मे १९९९ मध्ये गेला. त्यावरचा समुद्राचा रंग टिपणारा कॅमेरा तुझ्या घरापासून दोन तासांवर, अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये तयार झाला. पण उपग्रहाला दिसतो तो पृष्ठभाग आणि त्याखालचे काही मीटर. पावसाळ्यात, जेव्हा आपल्या समुद्रात सगळ्यात जास्त घडतं, तेव्हा वर ढग. विरघळलेला कार्बन तर त्याला दिसतच नाही. आणि रंगातला बदल ऋतूंच्या गोंधळातून वेगळा काढायला साधारण ४० वर्षांची नोंद लागेल असा एका अभ्यासाचा हिशेब आहे. म्हणजे तिथेही पुन्हा सलगपणाच.

फ्लोटांनी मात्र खरोखर चित्र पालटलं. आर्गो योजनेतले जवळपास ४,००० फ्लोट जगाच्या समुद्रांत आहेत. हजार मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवर उतरून मोजत मोजत वर येतात, उपग्रहाला आकडे देतात आणि पुन्हा बुडी मारतात. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस संस्था हे काम बघते. आता काही फ्लोटांवर पीएच, ऑक्सिजन, नायट्रेटचे सेन्सर असतात. वादळात, रात्री, जिथे जहाज जाणार नाही तिथेही ते मोजतात. अडचण एवढीच की सेन्सरचा आकडा हळूहळू सरकत जातो आणि फ्लोट सहसा परत मिळत नाही, मग त्याला प्रमाणित बाटली लावणार कोण? म्हणून त्याचा पीएच साधारण दीड हजार मीटर खोलीवर तपासतात, जिथे पाणी फारसं बदलत नाही. तिथे किती पीएच असायला हवा हे कुठून आलं? जहाजांनी आणलेल्या पाण्यावरून. जहाज बंद केलंस तर काही वर्षांत फ्लोट काय सांगतोय ते खरं की खोटं हे ठरवायला काही उरणार नाही.

शिवाय फ्लोट वाहत जातो, आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात त्याचा उपयोग नाही. गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून एका ठिकाणी लहान बोटीने जाऊन नमुने घेतात. तिथे पाणी जेमतेम २७ मीटर. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तळाजवळचा ऑक्सिजन संपतो, कधी हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो, आणि डिसेंबरपर्यंत पाणी पुन्हा ताळ्यावर येतं. तिथे नायट्रस ऑक्साइड किती तयार होतो हे या नोंदींतून पुढे आलं. आपल्या पश्चिम किनाऱ्याचं हे फार मोलाचं काम आहे, आणि मला वाटतं त्याला मिळायला हवं तेवढं कौतुक मिळालेलं नाही. खोल अरबी समुद्रात मात्र हवाई-बर्म्युडाइतकी जुनी आणि तितकी सलग, दर महिन्याची कार्बनची मालिका आपल्याकडे नाही. तुझ्या पिढीने ती उभी करावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता तुझं. क्यूसीची नोकरी वाईट नाही. ब्लँक, डुप्लिकेट, कंट्रोल चार्ट, सही केल्याशिवाय नोंद नाही, ही शिस्त तिथे हाडात भिनते. दोन वर्षं ते करून आलेली मुलगी मला प्रयोगशाळेत केव्हाही आवडेल. पण ओढ समुद्राची असेल तर नेट ही पात्रता परीक्षा दे, रसायनशास्त्रातून किंवा पृथ्वी-वातावरण-समुद्र विज्ञानातून. गोवा, हैदराबाद, चेन्नई, कोची इथे संस्था आहेत, अहमदाबादला पीआरएल, म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, आहे. बडोद्याला समुद्र नाही हे कारण देऊ नकोस. पीआरएलही समुद्रावर नाही, आणि तिथून जगातल्या समुद्रांवर उत्तम काम झालंय. जहाजावर मुलींनी कसं राहायचं हे आईने विचारलं तर अदिती पंतांचं नाव सांग. नागपूरला जन्म, हवाई विद्यापीठात शिक्षण, गोव्याच्या संस्थेत काम, आणि १९८३ च्या अंटार्क्टिका मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक. आता चाळीस वर्षं झाली त्याला.

तोवर इथे बसून करण्यासारखं दोन गोष्टी सांगतो. विंकलरची रसायनं विभागात असतीलच. सूरसागर तलावाची एकच पायरी ठरव आणि वर्षभर, दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी सहाला आणि दुपारी तीनला पाण्यातला ऑक्सिजन मोज. सकाळ-दुपारचा फरक बघून चक्रावशील, आणि वेळ चुकली तर आकडा का निरर्थक होतो हे कुणी शिकवावं लागणार नाही. हात बसला की मोठ्यांना बरोबर घेऊन कावी-कंबोईला जा. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो, स्तंभेश्वराचं देऊळ भरतीला बुडतं. तिथे अल्कलिनिटीचा नमुना घेशील तर कोष्टक बघून भरतीच्या एकाच टप्प्याला घे आणि गाळून घे, गाळ फार आहे. एकटी मुळीच जाऊ नकोस, तिथलं पाणी वेगाने चढतं आणि चिखलात पाय रुततो.

दुसरं, अलोहाचे सगळे आकडे कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. कार्बनचा आलेख आधी १९८९ ते २००१ एवढाच काढ, त्याचा उतार लिहून ठेव. मग आजपर्यंतचा काढ. खाली त्याच कागदावर खारेपणाही काढ, तीच वर्षं, वर्षांची पट्टीही तीच. तिन्ही मला पाठव, मग पुढचं बोलू.